समरकंदहून घर पाहायला

मॅडम गेल्या त्यानंतर महिनाभर लोक घराच्या किल्ल्या परत करायला येत होते.

दूध घालणारी बाई आली. कोपऱ्यावरचा शिंपी आला. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले, ज्यांना मी आधी कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून किल्ली काढली आणि ती टेबलावर ठेवत म्हणाले, "वापराचं काम कधी पडलं नाई. पण जवळ असली की बरं वाटे." मी म्हटलं, राहू द्या तुमच्याकडेच. त्यावर ते म्हणाले, "आता कोनाच्या घराची म्हणून ठेवू?" आणि चहा न घेताच निघून गेले.

ज्या घराची किल्ली एकाच माणसाजवळ असते ते घर नसतं, तिजोरी असते, असं मॅडमचं म्हणणं होतं. म्हणून वर्धेतल्या त्यांच्या साध्याशा घराच्या किल्ल्या त्यांनी गावभर वाटून ठेवल्या होत्या. एकदा आम्ही दोघी बाजारातून परत आलो तर स्वयंपाकघरात शिंप्याची बायको चहा करत होती. तिच्याकडे पाहुणे आले होते आणि तिचा गॅस संपला होता. मॅडमनी पिशवी खाली ठेवली आणि फक्त एवढंच म्हटलं, "माह्यासाठी पण टाक."

मेलेल्या माणसाबद्दल लिहिलेलं मॅडमना आवडत नसे. वर्तमानपत्रातली श्रद्धांजली वाचली की म्हणायच्या, "हा माणूस इतका चांगला होता तं जित्तेपणी मले कसा नाई भेटला?" म्हणून आधीच सांगून टाकते. त्यांना स्वयंपाक येत नसे आणि येत नाही हे मान्यही नसे. कुणी आजारी असलं की त्या त्याला हमखास रागवायच्या. 'थँक यू' म्हटलेलं त्यांना चालत नसे. आणि दुसऱ्याच्या खोलीत शिरताना दारावर टकटक करायची असते ही कल्पना त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

तीस-एक वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या म्हणे. मी ती कधी ऐकली नाही. "ते पगाराचं बोलणं होतं," त्या म्हणायच्या, "पगार बंद, बोलणं बंद." वर्तमानपत्र त्या दोन दिवस शिळं करून वाचायच्या. ताज्या बातमीत अर्धी अफवा असते, ती उडून जाऊ द्यायची आणि मग जे उरेल ते वाचायचं. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा त्या शांतपणे परवाचा अंक घेऊन बसत, आणि शेजारी ओरडून सांगायला लागले तर कानावर हात ठेवत.

पण गावात त्या ओळखल्या जात त्या वेगळ्याच कामासाठी. कुणाच्या मुलीचं जमत आलं की मुलाचं घर पाहायला जाताना लोक मॅडमना सोबत नेत. आमच्याकडे मुलीकडचे चार लोक जातात, बैठकीत बसतात, पोहे खातात, शेती किती, नोकरी कायम आहे का, हे विचारतात आणि परत येतात. मॅडम बैठकीत बसत नसत. "बैठक तं सगळेच झाडून ठेवतात," असं म्हणून त्या सरळ मागच्या बाजूला चालू लागत. पाणी कुठून येतं, कोण भरतं, सासू कुठे झोपते, सून कुठे झोपेल, रात्री बाहेर जायचं तर दिवा आहे का. संडास आधी पाहायच्या, देवघर शेवटी. कितीतरी ठिकाणी त्यांच्यामुळे मोडलं. कितीतरी मुलाकडचे मॅडम येणार म्हटलं की मागचं अंगण सारवून घेत.

नाचणगावच्या राजूची गोष्ट मी त्याच्याच तोंडून ऐकली आहे. त्याच्या घरी मुलीकडचे बसले होते, पोहे झाले होते, दोन्हीकडची माणसं खुशीत होती. मॅडम मागून आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "न्हाणीले दार नाई. पडदा हाये."

राजूचे वडील चिडले. म्हणाले, "आमच्या घरच्या बाया आजवर पडद्यातच न्हात आल्या."

"म्हणून तं म्हणते," मॅडम म्हणाल्या. "दार लावा. मंग पोरगी देऊ."

वडील उठून बाहेर गेले. सोयरीक मोडल्यातच जमा होती. राजू तेव्हा नुकता गाडी चालवायला लागला होता. तो त्याच पावली सुताराकडे गेला आणि संध्याकाळी मॅडमच्या दारात येऊन उभा राहिला. "लावलं. आतून कडी पण लावली." लग्न झालं. राजूची बायको आजही पाहुण्यांना ते दार दाखवते. आणि राजू मॅडमना कुठेही न्यायचं असलं की हातातलं भाडं सोडून व्हॅन घेऊन येई.

मी मॅडमकडे राहायला आले तेव्हा माझे यजमान जाऊन चार महिने झाले होते. सासरच्या घरात मला राहवत नव्हतं आणि माहेरी जाऊन राहण्यासारखं माहेर उरलं नव्हतं. वर्धेच्या एका कॉलेजात ग्रंथालयात नोकरी होती, तेवढी होती. माझ्यासोबत खोली पाहायला कुणी आलं नाही. मॅडमनी ते लक्षात घेतलं असावं, कारण किल्ली देण्याआधी त्यांनी मलाच मागे नेलं, संडासाचं दार उघडलं, नळ सोडून दाखवला, आतली कडी लावून दाखवली. "तुह्याकडून पाहाले कोणी नाई तं मीच दाखवते. पसंत असन तं राह्य." त्या वेळी मला हे विचित्र वाटलं होतं. मी रोज कॉलेजात जायची, परत आले की पुस्तक उघडायची आणि दार लोटून घ्यायची. दीड-दोन वर्षं मी अशी काढली. मॅडम दार न वाजवता आत यायच्या, काहीतरी रागवायच्या आणि जायच्या. त्या आल्या नसत्या तर दिवसभरात माझ्याशी घरात कुणी बोललं नसतं.

मग माझ्या शेजारच्या खोलीत नोदिरा आली.

वर्धेत हिंदी शिकायला परदेशातून मुलं येतात, त्यातली ही. समरकंदजवळच्या एका खेड्यातली. उंच, गोरी, लाजरी, आणि हिंदी अशी बोलायची की जणू आकाशवाणीच्या बातम्या चालू आहेत. "महोदया, क्या मैं आपकी बाल्टी ले सकती हूँ?" मॅडमशी तिचं बोलणं माझ्यामार्फत चाले. मॅडम वऱ्हाडीत बोलत, मी हिंदीत सांगे. पण दिवाळीपर्यंत माझी गरज उरली नाही. एका सकाळी मी ऐकलं, नोदिरा दुधवालीला सांगत होती, "मले अर्धा लिटर."

होळी होऊन गेली होती, पहिलं वर्ष संपत आलं होतं. एका संध्याकाळी नोदिरा माझ्या खोलीत येऊन बसली आणि माझं पुस्तक उलटंसुलटं करत राहिली. मग कळलं. घरी तिचं लग्न ठरत होतं. मुलगा चांगला होता, तिचं त्याच्याविषयी काही म्हणणं नव्हतं. पण तिला दुसरं वर्ष पूर्ण करून जायचं होतं आणि घरचे म्हणत होते, एका वर्षाची हिंदी पुरे, शरद ऋतूत लग्न करू. वडील हो-नाही काहीच म्हणत नव्हते. सगळं आईवर होतं. आणि आई म्हणाली होती, "तू कुठे राहतेस ते मला माहीत नाही. एक दिवस मला सगळं दाखव. मग सांगते."

नोदिराने ठिकाणं काढून ठेवली होती. सेवाग्रामचा आश्रम, पवनारचा नदीकाठ, टेकडीवरचा शुभ्र स्तूप. रविवारी फिरायचं, व्हिडिओ कॉल लावून आईला दाखवायचं, असा तिचा बेत होता. मॅडमनी तो ऐकला आणि मान हलवली.

"तिथं लोक पाहाले येतात अन् पाहून चालले जातात. तुह्या मायले ते पाहून काय करायचं? तिची पोट्टी दिली न तिनं आपल्या गावाले? मंग तिले घर पाहाचं आहे. सरळ सांग न."

मी हिंदीत सांगू लागले, पण नोदिरा म्हणाली, कळलं. त्यांच्याकडेही मुलीकडचे जातात पाहायला.

त्यानंतरचे दोन दिवस मॅडम कुणाशी धड बोलल्या नाहीत. सगळं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांची घरं पाहिली होती. त्यांचं घर पाहायला कुणी कधी आलं नव्हतं. त्यांनी न्हाणीची कडी बदलून घेतली. मागच्या अंगणातला दिवा पुसला. शनिवारी सकाळी मी पाहिलं तर त्या स्वतः संडास घासत होत्या. मी ब्रश घ्यायला गेले तर म्हणाल्या, "जा वं, पुस्तक वाच."

रविवारी सकाळी इस्त्रीची सुती साडी नेसून त्या अंगणात उभ्या राहिल्या. समरकंदचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे. तिकडे आईचा चहा होत होता. फोनवर तिचा चेहरा आला. डोक्याला रुमाल, रुंद गाल, डोळे बारीक करून पाहणारी. मॅडमनी नमस्कार केला आणि नोदिराला म्हणाल्या, "आधी मागं चाल."

नोदिराचा चेहरा लाल झाला. "मॅडम, वो नहीं. कमरा दिखाती हूँ पहले."

"कमरा तं कोनीही दाखवन."

नोदिराने मान खाली घालून संडासाचं दार उघडलं आणि फोन आत धरला. मला वाटलं, आता आई हसेल किंवा रागवेल. आईने फोन डोळ्यांजवळ नेला, नीट पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

"क्या कह रही है?" मी विचारलं.

"नल खोलने को कह रही है," नोदिरा पुटपुटली.

मॅडमनी स्वतः जाऊन नळ सोडला. पाणी धो धो आलं. आईने मान डोलावली. मॅडम नळ बंद करून बाहेर आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "बाई हुशार आहे."

राजू व्हॅन घेऊन आला होता. त्याला सगळं कळलं होतं आणि तो मजेत होता. "मॅडम, आज तुमचा नंबर लागला. पोहे करून ठेवले का?"

"गाडी चालव गा."

"नाई, म्हटलं पसंत नाई पडलं तं काय करता? मी तं सुतार आणला होता. तुम्ही काय आणसान?"

मॅडमनी व्हॅनचं दार ओढून घेतलं. एरवी राजूला त्या असा सोडत नसत.

पहिल्यांदा आम्ही बसस्टँडवर गेलो. मॅडमनी चौकशीच्या खिडकीजवळचा बाक दाखवला. बस चुकली, उशीर झाला, तर इकडेतिकडे न जाता या बाकावर बसायचं आणि राजूला फोन करायचा. नोदिराने व्हिडिओ काढून पाठवला. मग किराणा दुकान आणि दुकानदाराची बायको. मग शिंप्याचं घर. प्रत्येक ठिकाणी मॅडम एवढंच सांगत, "ही आमची पोट्टी. हिची माय पाहून राह्यली." आणि माणसं गोंधळून फोनकडे पाहून हात जोडत. आश्रमाची पाटी आली तेव्हा राजू म्हणाला, "इथं थांबू न दोन मिनिट." मॅडम म्हणाल्या, "पुढं चाल." आणि व्हॅन सेवाग्रामच्या दवाखान्याच्या फाटकासमोर उभी राहिली.

मी जवळजवळ तीन वर्षं त्या रस्त्याला गेले नव्हते. कॉलेजच्या कामासाठी जायची वेळ आली तरी काहीतरी सबब सांगायची. मॅडमना ते माहीत होतं. सकाळी निघताना त्यांनी मला सांगितलं नाही की इथे यायचं आहे, आणि सांगितलं असतं तर मी निघालेच नसते. मी उतरले, पण इमारतीकडे पाठ करून व्हॅनला टेकून उभी राहिले.

नोदिराही अवघडली होती. शुभकार्याच्या आधी आईला दवाखाना दाखवायचा, हे तिला कसंतरीच वाटत होतं. पण मॅडमनी कॉल लावायला लावला. "मायले बगीचे पाहून झोप येत नसते. पोट्टीले ताप आला तं कुठं नेतील, हे कळलं तं झोप येते. लाव."

आईने बराच वेळ ती मोठी इमारत पाहिली. माणसांची ये-जा पाहिली. फाटकापाशी सतरंज्या टाकून बसलेले नातेवाईक पाहिले. आणि तिने एक प्रश्न विचारला. नोदिराने तो आम्हाला सांगितला.

"पूछ रही है, रात को पास कौन बैठेगा."

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही बसन," त्या म्हणाल्या. "मी म्हातारी, मले डुलकी लागते. हिले लागत नाई. हिले इथलं सगळं माहीत आहे. कागद कुठं काढाचा, गरम पाणी कुठं भेटते, औषधाची कोणती खिडकी रात्री उघडी राह्यते. हिचा नवरा इथं होता. सांग तिले."

नोदिराने सांगितलं. तिला किती शब्द सापडले मला माहीत नाही. मी वळले तेव्हा तिने फोन माझ्याकडे धरला होता आणि आई माझ्याकडे पाहत होती. तिने उजवा हात छातीवर ठेवला आणि मान किंचित लववली. मीही तसंच केलं.

त्या रात्री मी कशा काढल्या ते मी कुणाशी बोलले नव्हते. माझ्याजवळ त्या नुसत्या साठून होत्या. त्यांत गरम पाण्याचा नळ होता, रात्रीची खिडकी होती, कुठल्या बाकावर वारा लागतो हे होतं, आणि यातलं कुणाला काही उपयोगी पडेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मॅडमनी ते सगळं एका वाक्यात कामाला लावलं. पुढे त्यांच्याच आजारपणात मी तिथे बसले. पण त्याविषयी मला आज लिहायचं नाही.

व्हॅनमध्ये बसताना मॅडम माझ्यावर खेकसल्या, "पदर झटक. अर्धा रस्ता झाडून आणला त्यानं."

दुपारी आम्ही गिरडला, तिथल्या टेकडीवरच्या दर्ग्याला गेलो. ते लांब पडतं आणि उन्हं तापली होती, पण मॅडमचा हट्ट होता. "त्यांच्या पोरीच्या देवाची जागा दाखवली नाई तं काय दाखवलं?" मॅडम स्वतः देवळात जात नसत, दर्ग्यात जायचा तर प्रश्नच नव्हता. नोकरीची पहिली वर्षं मात्र त्यांनी या भागात काढली होती. टेकडीवर सुपारीएवढे, लिंबाएवढे गोल दगड सापडतात. दर्ग्यातल्या बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा सगळा माल दगड होऊन पडला, असं लोक सांगतात. पायऱ्या चढताना राजूने ते नोदिराला सांगितलं. मॅडम थांबून दम खात म्हणाल्या, "गोष्ट खोटी असन. दगड तं खरे हायेत."

वर वारा होता आणि फोनला गावापेक्षा चांगली रेंज होती. दर्गा दिसला तशी आई बसल्या जागी नीट सावरून बसली. तिने दोन्ही तळहात समोर उघडले. नोदिरालाही हात उघडायचे होते, म्हणून ती फोन कुठे ठेवायचा ते पाहू लागली. मॅडमनी तो तिच्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांनी छातीसमोर धरून दर्ग्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आईची प्रार्थना लांबली. मॅडमचे हात भरून आले. राजू पुढे झाला, "द्या मॅडम, मी धरतो." त्यांनी नुसती मान हलवली. आईने आणि नोदिराने एकाच वेळी चेहऱ्यावरून हात फिरवले, तेव्हाच त्यांनी फोन खाली घेतला.

उतरताना मी त्यांचा हात धरला. "काऊन धरून राह्यली? मी काय पडते?" असं त्या म्हणाल्या, पण हात सोडवून घेतला नाही.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सगळे थकलो होतो. नोदिरा म्हणाली, आता उद्या. मॅडम म्हणाल्या, पाहुण्याला बिनाखाण्याचं कसं पाठवायचं? त्यांनी स्वतः पोहे केले, थोडे करपवले, वर शेव टाकली आणि एक बशी उशीला टेकवलेल्या फोनसमोर ठेवली. राजू तोंड फिरवून हसत होता. फोनवर आई आली, तिने बशी पाहिली आणि उठून गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात किटली होती आणि मधोमध नक्षी दाबलेली मोठी गोल पोळी. ती तिने आमच्यासमोर ठेवली. मग दोघी एकमेकींच्या खाण्याकडे पाहत राहिल्या.

"विचार, पोळी नरम आहे का कडक," मॅडम म्हणाल्या.

नोदिराने विचारलं. आईने पोळी तोडून दाखवली.

दिवसभर जे चाललं होतं त्याचं उत्तर आता मिळायला हवं होतं. नोदिरा बोटं मोडत बसली होती. मॅडम बसल्या होत्या त्या सरळ, पाठ न टेकता. त्यांनी ज्यांची घरं पाहिली त्यांच्याकडची माणसं अशीच बसत असतील.

आई काही बोलली नाही. तिने फोन उचलला आणि चालू लागली.

"कह रही है, अब आप लोग देखिए," नोदिरा म्हणाली.

अंगणावर द्राक्षाचा मांडव होता, अजून पान न फुटलेला. त्याखालून ती कोपऱ्यातल्या एका दाराशी गेली आणि तिने ते उघडलं. नोदिराने कपाळावर हात मारला. मॅडम पुढे झुकल्या.

"कडी आतून आहे न?"

आई आत गेली, दार लावलं, फोनवर अंधार झाला, कडी वाजली. पुन्हा उजेड आला तेव्हा राजू हसून हसून बाहेर निघून गेला होता. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली.

मग मातीची भट्टी दिसली. जळण रचलेलं दिसलं. एक म्हातारी बकरी दिसली. वडिलांनी रंगवलेली, नोदिराच्या खोलीची खिडकी दिसली. मग आई आतल्या खोलीत गेली आणि तिथे थांबली. भिंतीशी एक मोठी रंगीत पेटी होती, झाकण उघडं. जमिनीवर, दोरीवर, सगळीकडे रजया पसरल्या होत्या. लाल, हिरव्या, गडद निळ्या, जाड शिवणीच्या.

"हे कायचं वं?" मॅडमनी विचारलं.

नोदिरा फोनकडे न पाहता म्हणाली, "मेरी शादी का है. माँ ने सब अपने हाथ से सिया है. धूप दिखाने को निकाला होगा."

फोन आईने तसाच रजयांवर धरून ठेवला होता. मी इतकी वर्षं पुस्तकांत काढली, पण त्या वेळी काय बोलावं ते मला एकाही पुस्तकातून आठवलं नाही.

मॅडमनी घसा साफ केला. "तिले विचार, आत कापूस आहे का."

कापूसच होता. त्यांच्याकडेही कापूस पिकतो.

"मंग विचार, एक वर्ष पेटीत राह्यला तं काही होते का त्याले."

नोदिराने माझ्याकडे पाहिलं. मी हिंदी करून सांगायचं काही कारण नव्हतं, तिला कळलं होतं. तिने आपल्या भाषेत ते फार सावकाश सांगितलं. मॅडमच पुढे बोलल्या, आणि मी त्यांना इतकं मऊ बोलताना ना आधी ऐकलं, ना नंतर.

"आमच्याकडं कडुलिंबाचा पाला टाकतात. सावलीत वाळवाचा अन् घड्यांच्या मधात ठेवाचा. कसर लागत नाई. रजईले काही होणार नाई म्हणाव. पोट्टीले पण होणार नाई."

पहिला भाग नोदिराने सांगितला. दुसऱ्या भागाला तिला वेळ लागला.

मग आई म्हणाली, आमच्याकडे अक्रोडाचा पाला टाकतात.

तिने फोन खिडकीच्या फळीवर ठेवला. तो तिरका राहिला. त्यात अर्धं छत दिसत होतं आणि अर्धी पेटी. आम्ही पाहत होतो. ती दोरीवरची निळी रजई घेऊन आली, तिची घडी केली, पेटीत ठेवली, वर हाताने काही पसरलं. मग हिरवी. मग आणखी एक. घाई नव्हती. प्रत्येक घडी ती तळहाताने दाबून बसवत होती. आमचा चहा निवला. राजू दारात येऊन उभा राहिला. लाल रजई सगळ्यांत जाड होती. ती ठेवल्यावर झाकण लागेना. आईने त्यावर दोन्ही कोपरं टेकून सगळं अंग टाकलं, तेव्हा ते लागलं.

मग ती फोनजवळ आली. चेहऱ्यावरचे केस रुमालात सारले आणि नोदिराला काहीतरी विचारलं.

"काय म्हणून राह्यली?" मॅडमनी विचारलं.

"पूछ रही है," नोदिरा म्हणाली, "अगली सर्दियों में यहाँ ठंड कितनी पड़ेगी."